अलीकडे वाचलेलं, बघितलेलं, ऐकलेलं असं काय आहे जे तुम्हाला मनापासून आवडलं?

प्रश्न वाचल्या वाचल्या एकच नाव आलं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'.

यंदा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एक डोळा मग दुसरा, आणि आई म्हणजे वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी बाई, त्यात वाचायला बंदी, तर रात्री जेवणं झाली की मी तिला तासभर वाचून दाखवायला लागलो. तेव्हा कळलं की हे पुस्तक मनातल्या मनात वाचायचं नाहीच मुळी, मोठ्याने वाचायचं. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लिहावाचायला लग्नानंतर शिकल्या, म्हणूनही असेल, पण त्यांचं वाक्य कुठे पुस्तकी होत नाही, समोर बसून कुणी सांगावं तसं येतं. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, हे वाचलं तेव्हा आई इतकी हसली की म्हणाली थांब रे जरा, डोळ्यातनं पाणी येतंय. आणि मग तेच सोवळं घरातल्या लेकरांना काय भोगायला लावायचं ते येतं, तेव्हा आम्ही दोघंही गप्प. त्या कुठे गळा काढत नाहीत, झालं ते सांगतात आणि पुढे जातात.

1895 साली टिळक, म्हणजे त्यांचे नवरे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले तो भाग वाचायला आम्हाला तीन रात्री लागल्या. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढलेली वर्षं, मग परत नवऱ्याकडे जाणं पण आपलं सोवळंओवळं न सोडता, आणि मग स्वतःच विचार करत करत जातपात मनातून काढून टाकणं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःला पटल्यावर. आईला टिळकांचा सारखा राग यायचा, हातातले पैसे कुणालाही देऊन टाकायचे, न सांगता निघून जायचे. "आणि तरी हिचा जीव आहे बघ त्याच्यावर," असं ती दोनदा म्हणाली. मला सगळ्यात आवडलं ते हेच, त्या नवऱ्याचं काहीच लपवत नाहीत आणि तरी माया कमी होत नाही.

सिनेमा म्हणाल तर चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल', 2020 चा, मी उशिराच बघितला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. तो मुलगा झालेला आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघंही खरे गाणारे, त्यामुळे गाण्यात खोटं काही नाही. रात्री रिकाम्या रस्त्यावर तो मोटरसायकल चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, जुनी भाषणं चालू असतात, तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, ते प्रसंग मी परत परत लावून बघितले. मी स्वतः सहा वर्षं गाणं शिकून सोडलंय. मन लावून मेहनत करूनही एखाद्याला गाणं पावत नाही, हे इतकं सरळ कुणी दाखवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस काहीच ऐकावंसं वाटेना. मग कुमार गंधर्व लावले, निर्गुणी भजनं. ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला जाऊन राहावं लागलं, पाचेक वर्षं गाणं बंद, आणि तिथे अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. पुढच्या गाण्यात ती आलीच. छोटीशी तान घेतात आणि सोडून देतात, ती सोडलेली जागा पण ऐकू येते. लक्ष्मीबाईंचं वाक्य जिथे थांबतं ना, मला ते तसंच वाटलं.

आईला आता चष्मा मिळालाय, पेपर स्वतः वाचते. तरी रात्री ओटा आवरून झाला की येऊन बसते. काल म्हणाली, तो प्लेगचा भाग परत वाच, त्या दिवशी मला मध्येच झोप लागली होती.