14 दिवसांत मादागास्कर: लेमूर, बाओबाब, त्सिंगी आणि समुद्र, सगळं बसेल का?

तुम्ही लिहिलंय की सोबत 62 वर्षांची आई आहे, 14 दिवस हातात आहेत, जुलै किंवा ऑक्टोबर दोन्ही चालतील, आणि लेमूर (माकडांचे लांबचे भाऊबंद), मोरोंडावाची बाओबाब झाडांची रांग, त्सिंगीचे सुळके आणि शेवटी बीच असं सगळं बघायचंय. माझं उत्तर, नाही बसणार. कागदावर बसतं, मीपण पहिल्या खेपेला असंच बसवलं होतं आणि निम्मे दिवस नुसते गाडीत गेले, जंगलात पोचलो की उजाडताच पुढच्या गावाला निघायची घाई.

नकाशात आफ्रिकेशेजारी ते बेट छोटं दिसतं त्यामुळे फसायला होतं. जगातलं चौथं मोठं बेट आहे ते, 5 लाख 87 हजार चौरस किमीच्या आसपास, आणि रस्ते असे की किलोमीटर बघून वेळ ठरवूच नका. मोरोंडावाहून त्सिंगीच्या बाजूचं बेकोपाका साधारण 200 किमी, पण अख्खा दिवस जातो, मधे दोन नद्या गाडी तराफ्यावर चढवून ओलांडायच्या. त्यात त्सिंगी म्हणजे चुनखडीचे धारदार सुळके, कमरेला हार्नेस लावून शिड्या चढायच्या, झुलत्या पुलावरून जायचं. जागा अफाट सुंदर आहे, पण आईंना घेऊन या ट्रिपला नको.

महिना ऑक्टोबरच घ्या. जुलैत मधल्या पठारावर रात्री चांगलीच थंडी असते, आणि मुख्य म्हणजे बरेच सरडे आणि काही छोटे लेमूर त्या दिवसांत सुस्तावून दडून बसलेले असतात. ऑक्टोबरमध्ये गरम व्हायला लागतं, सरडे बाहेर पडतात, आणि शेपटीवर काळेपांढरे पट्टे असलेल्या लेमूरची पिल्लं आयांच्या पोटाला-पाठीला चिकटलेली दिसतात. (फक्त देवमासे बघायचे असते तर जुलै-ऑगस्टमध्ये सेंत मारी बेटावर जा म्हटलं असतं.) डिसेंबर ते मार्च पाऊस आणि चक्रीवादळं, तेव्हा नकोच.

आता मी काय करेन ते सांगतो. टानाला (राजधानी अंतानानारिव्हो, सगळे टानाच म्हणतात) एक रात्र, मग आंदासिबेच्या जंगलाला तीन. हो, तीन. बहुतेक लोक एक रात्र राहून पळतात आणि तिथेच चुकतात. इंद्री हा आजचा सगळ्यात मोठा लेमूर, काळापांढरा, शेपूट नावालाच, आणि तो प्राणिसंग्रहालयात जगतच नाही, त्यामुळे त्याला बघायचं तर त्याच्या जंगलातच जावं लागतं. सकाळी त्यांचं कुटुंब एकत्र ओरडायला लागतं, तो आवाज दोन-तीन किमी जातो, लांबून दुसरं कुटुंब उत्तर देतं. मी झाडाखाली उभा होतो आणि आवाज छातीत जाणवत होता, डोळ्यात पाणी आलं खरंच. पण एखाद्या सकाळी पाऊस असतो, एखाद्या सकाळी ते गप्प असतात, म्हणून दोन सकाळी तरी हातात हव्यात. पायवाटा चढउताराच्या आणि ओल्या आहेत, आईंसाठी चांगल्या ग्रिपचे बूट आणि एक काठी घ्या, गाइडला आधीच हळू चालायला सांगा. नॅशनल पार्कात लोकल गाइड कंपल्सरी आहे आणि त्याच्याशिवाय तुम्हाला निम्मंही दिसणार नाही, पानाच्या शेपटीचा गेको माझ्या नाकासमोर होता तरी मला झाडाची सालच वाटली. रात्री पार्कात जायला बंदी आहे, पण बाहेरच्या रस्त्याने टॉर्च घेऊन फिरवतात, ते चुकवू नका.

तिथून परत टानामार्गे आरएन 7 नावाचा हायवे धरून दक्षिणेला. अंतसिराबेला एक रात्र, रानोमाफानाला दोन (सोनेरी बांबू लेमूर इथलाच, 1986 मध्ये सापडला, सायनाइड असलेला बांबू खाऊन जगतो! रेनकोट हवाच, जळवा असतात), मग आंबालाव्हाओजवळ आंजा, तिथलं रिझर्व्ह गावकरीच चालवतात, तिथे एक. इसालोच्या नॅशनल पार्कला दोन. आणि शेवटी तुलेआर शहराच्या उत्तरेला इफातीला दोन, म्हणजे समुद्र मिळाला, आणि तिथल्या काटेरी जंगलात बाओबाबपण आहेत. मोरोंडावासारखे उंच खांब नाहीत, बुटके, फुगलेले, पण बाओबाबच. आपल्याकडे ज्याला गोरखचिंच म्हणतात तो यांचा आफ्रिकेतला भाऊ, या बेटावरच्या सहा जाती मात्र दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत.

तुलेआरहून टानाला विमानाने या आणि परतीच्या इंटरनॅशनल फ्लाइटआधी एक पूर्ण रात्र टानात ठेवा. माझं आतलं विमान एक दिवस पुढे ढकललं होतं, आदल्या संध्याकाळी कळवलं, रात्र राखून ठेवली नसती तर घरची फ्लाइट गेली असती. गाडी ड्रायव्हरसकट ठरवा आणि अंधार पडल्यावर हायवेवर राहायचं नाही हे त्याच्याशी आधीच बोलून घ्या.

पैसे आरियारीत, सगळ्यात मोठी नोट 20,000 ची, त्यामुळे गठ्ठे होतात, पण छोट्या गावात कार्ड चालत नाही तेव्हा टाना किंवा अंतसिराबेलाच काढून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघायच्या महिनाभर आधी विचारा, आईंची बाकी औषधं सांगून. व्हिसाचे नियम बदलतात, ते सरकारी साइटवरच बघा.

अजून एक, हे मनापासून सांगतोय. काही ठिकाणी पाळलेला लेमूर खांद्यावर बसवून फोटो काढतात. तो जंगलातून पकडलेला असू शकतो, नाही म्हणा. 2020 च्या यादीत लेमूरच्या 107 पैकी 103 जाती धोक्यात होत्या. आणि गावागावांत 'फादी' असतात, म्हणजे काय करायचं नाही याचे नियम, कबरीकडे बोट दाखवू नका वगैरे, दर गावात वेगळे, तेव्हा पोचल्यावर पहिल्यांदा गाइडला तेच विचारा. आंदासिबेचं बुकिंग मात्र आत्ताच करा, ऑक्टोबरमध्ये चांगल्या खोल्या लवकर जातात.