वाढत्या वयातला गुडघा आणि फुटबॉल

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा असून शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो. शाळेचा सराव आणि टर्फवरचे सामने धरून आठवड्यातले पाच-सहा दिवस खेळ होतोच. दोन महिन्यांपासून त्याच्या उजव्या गुडघ्याखाली टेंगूळ आले आहे आणि स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागतो. शेजारीपाजारी म्हणतात की, उंची वाढते आहे म्हणून दुखते, आणि प्रशिक्षक म्हणतात, खेळत राहिला की सवय होईल. त्याची १५ वर्षांची बहीणही फुटबॉल खेळते. तिलाही हाच त्रास होईल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, प्रशिक्षकांचे मात्र मला अजिबात मान्य नाही. वाढीच्या वयातले दुखणे सवयीने जात नाही.

आपण लिहिलेली लक्षणे ऑसगुड-श्लाटर या विकाराशी जुळतात. मुलाला पाय सोडून बसवा आणि गुडघ्याच्या वाटीपासून बोट खाली नेत नडगीच्या वरच्या टोकावरील उंचवट्यावर हलकेच दाबा. नेमके तिथेच दुखत असेल, तर बहुधा हाच त्रास आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ वाटीमार्फत या उंचवट्यावर येते आणि या वयात तिथले हाड पुरते पक्के झालेले नसते. मुलग्यांची उंची साधारण १४व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढते. हाडांच्या या वेगाशी स्नायूंची लवचिकता जुळत नाही, ते ताठ राहतात आणि प्रत्येक किकला, प्रत्येक उडीला त्याच जागी ताण बसतो.

खेळ पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. खेळताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले, तर खेळू द्यावे. लंगडत असेल तर त्या दिवशी मैदानावर पाठवू नये. आठवड्यातले खेळाचे दिवस मात्र आताच कमी करा, विशेषतः शाळेचा सराव आणि टर्फवरचा सामना एकाच दिवशी येऊ देऊ नका. खेळानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे लावावा, आणि मांडीच्या स्नायूंना ताण देण्याचे व बळकटीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावेत. हा त्रास काही महिने, कधीकधी वर्ष-दोन वर्षेही रेंगाळतो आणि वाढ पूर्ण होताना बहुतेकांत थांबतो. टेंगूळ मात्र कायम राहू शकते. त्याने काही बिघडत नाही.

मुलीच्या बाबतीत काळजीचे कारण वेगळे आहे. मुलींची वाढ मुलग्यांच्या दोनेक वर्षे आधी होते, त्यामुळे १५व्या वर्षी तिच्या गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेट, म्हणजे हाडांच्या टोकांजवळचे वाढीचे कूर्चेचे थर, बहुधा मिटत आलेले किंवा मिटलेले असतात. म्हणून भावाचा त्रास तिला होण्याची शक्यता कमी. या वयात धोका असतो तो गुडघ्याच्या आतल्या एसीएल या लिगामेंटला, म्हणजे मांडीचे हाड नडगीशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याला. वयात आल्यानंतर फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये ही दुखापत मुलग्यांच्या दोन-तीन पट आढळते आणि बहुतेक वेळा ती कोणाचा धक्का न लागता, अचानक वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना होते. उडी मारून खाली येताना तिचे गुडघे एकमेकांकडे झुकतात का, हे समोर उभे राहून पाहा. झुकत असतील तर उडी नीट कशी टेकवायची हे शिकवता येते. फिफाने १४ वर्षांपुढच्या खेळाडूंसाठी आखलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून किमान दोनदा केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी होतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याकडे मात्र टर्फ तासावर भाड्याने मिळत असल्याने पहिली कात्री वॉर्मअपलाच लागते, याचे मला फार वाईट वाटते.

खेळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि काही तासांतच तो सुजला, तर चोळू नका, मालीश करू नका. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हे दोन्ही मुलांना लागू आहे. फरक इतकाच की, वाढीच्या वयात कधीकधी लिगामेंट न तुटता ते जिथे चिकटलेले असते तो हाडाचा तुकडाच उखडतो, म्हणून एक्स-रे आवश्यक असतो. एसीएलची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर ग्रोथ प्लेट उघडी आहे का, आणि तिला धक्का न लावता शस्त्रक्रिया कशी करणार, हे सर्जनना जरूर विचारा. पायाच्या लांबीतील सुमारे ६५ टक्के वाढ गुडघ्याभोवतीच होते. तिथे इजा झाली तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर निदान नऊ महिने सामने नकोत, शाळेची स्पर्धा कितीही महत्त्वाची असली तरी.

आणखी एक गोष्ट पालकांच्या, क्वचित डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. १० ते १६ वर्षांचे मूल गुडघा दुखतो म्हणते, पण गुडघ्यावर दाबून काहीच दुखत नाही, चालताना पाऊल बाहेर वळते. अशा वेळी दोष खुब्याच्या सांध्यात असू शकतो आणि तो तातडीने तपासावा लागतो. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप किंवा गुडघा अडकणे यांपैकी काहीही असले तरी थांबू नये.

आपल्या मुलाला या महिन्यात एकदा तपासून घ्या. जाताना त्याच्या गेल्या वर्षभरातल्या उंचीच्या नोंदी आणि आठवड्याचे खेळाचे वेळापत्रक सोबत न्या. डॉक्टरांना या दोन्हींचा फार उपयोग होतो.