डिझेल गाडीचा टर्बो घरी रिपेअर किट (नवी बेअरिंग आणि सील) टाकून उघडता-बसवता येतो का, आणि तपासायचा कसा?

येतो, पण बॅलन्सिंग घरी होत नाही. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यामुळे बसवलेला कोअर (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंग असलेला मधला भाग) टर्बोच्या दुकानात मशिनवर बॅलन्स करून घ्याच.

खोलण्याआधी नट, कॉम्प्रेसर व्हील (हवा दाबणारं चाक) आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खूण करा. हा नट बहुतेक टर्बोंत उलट्या आट्याचा असतो. सवयीने पिळलात तर शाफ्ट गेला. जर्नलवर (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) नखात अडकेल असा ओरखडा असेल तर किटचे पैसे वाया घालवू नका, नवा कोअर घ्या. बेअरिंग बसवताना स्वच्छ इंजिन ऑइल लावा.

तपासणी डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणारं साधन). शाफ्ट पुढे-मागे ढकलून मिळणारा प्ले (ढिलेपणा) साधारण 0.03 ते 0.09 मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. आडवा प्ले थोडा जाणवणारच, बेअरिंग तेलावर तरंगतं. पाती हाऊसिंगला घासता कामा नयेत. एअर कॉम्प्रेसरच्या हवेने चाक गरगर फिरवून बघायचा मोह होतो. तेल नसताना तेवढ्यानेच नवं बेअरिंग खरवडतं.

नवा टर्बो पुन्हा जातो तो बहुधा तेलामुळे. टर्बोला तेल पुरवणारा फीड पाइप कार्बनने चोंदलेला असतो, किंवा कुणीतरी जॉइंटला सिलिकॉन लावलेलं असतं. पाइप बदला. तेल गळत असेल तर आधी तेल परत नेणारा रिटर्न पाइप आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) बघा: आतल्या सील म्हणजे रबर नव्हे, बारीक लोखंडी रिंगा, रिटर्न तुंबला की त्या तेल अडवत नाहीत. शेवटी टर्बोच्या तेलाच्या इनलेटमध्ये (हवेच्या नव्हे) तेल ओता, इंजिन सुरू न करता सेल्फ मारून प्रेशर येऊ द्या, मग दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा.