डोळेच नाहीत, मग ओळख कशावरून?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत, की कोळ्याचं कुळ ठरवायचं तर आधी डोळ्यांची मांडणी बघा. हवाई बेटांवरच्या गुहांत एक कोळी आहे, त्याला डोळेच नाहीत. तरी तो लांडगा कोळ्यांच्या कुळात घातलाय म्हणे. तो कशाच्या आधारावर? — एक वाचक, सातारा

उत्तर : बरोबर पेचात पकडलंत! त्यातही गंमत अशी, की लांडगा कोळ्यांइतकी डोळ्यांवर उभी असलेली कुळं थोडीच. खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर समोर रोखलेले दोन टपोरे, आणि त्यांच्या मागे आणखी दोन. पावसाळ्यानंतर रात्री टॉर्च कपाळाशी धरून भाताच्या बांधावरून चाला, गवतात हिरवट ठिणग्या दिसतील. ते दवबिंदू नव्हेत. या मंडळींच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, तो चमकतो. अशा घराण्यात ज्याच्या कपाळावर काहीच नाही असा एक निघावा!

त्याचं नाव ॲडेलोकोसा ॲनॉप्स. हवाईतल्या कौआई बेटाच्या दक्षिणेला कोलोआ नावाचा भाग आहे, तिथल्या लाव्हाच्या गुहांत तो राहतो. वाहता लाव्हा वरून थिजतो, आतला पुढे निघून जातो आणि मागे बोगदा उरतो, तशा या गुहा. कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या अशा गुहा धुंडाळल्या, आणि तिथल्या कोळ्यांचं शास्त्रीय वर्णन १९७३मध्ये विलिस गर्ट्‌श यांनी केलं. त्यातच हा होता.

आता तुमच्या प्रश्नाकडे. डोळे ही कुळ ओळखण्याची सोपी खूण आहे, एकमेव नव्हे. भिंगाखाली कोळी उताणा करून पायाचं बुडापासूनचं दुसरं, आखूड पेर बघा, ट्रोकँटर म्हणतात त्याला. लांडगा कोळ्यात त्याच्या टोकाला खालच्या बाजूने खाच असते. पावलाच्या टोकाला नख्या तीन. नराच्या तोंडाजवळचे जे पायासारखे अवयव, पेडिपाल्प, त्यांच्या टिबियावर, म्हणजे गुडघ्यानंतरच्या पेरावर, बऱ्याच कुळांत एक टोकदार उंचवटा असतो. लांडगा कोळ्याच्या नरात तो नसतो. यातली एकेक खूण सुटी धरली तर फसवेल, पण सगळ्या एकत्र आल्या की कूळ सुटत नाही. जात नक्की करायला मात्र प्रजननांगं बघावी लागतात आणि ती पूर्ण वाढलेल्या कोळ्यातच तयार होतात. पिल्लू हाती लागलं तर भलेभले गप्प बसतात, आणि बसावंच.

ॲनॉप्सच्या स्वतःच्या खुणा वेगळ्या. लांबी साधारण १३ ते १९ मिलिमीटर. पाठीचं कवच तांबूस तपकिरी, पोट फिकट, पाय फिकट बदामी ते फिकट नारिंगी. जबड्याच्या मागच्या कडेवर तीन मोठे दात : दोन बुडाशी, तिसरा पार टोकाला. पुढच्या दोन जोड्यांतल्या पायांच्या टिबियाखाली काट्यांच्या चार-चार जोड्या. मला सगळ्यात आवडतात ते पायांच्या शेवटच्या दोन पेरांवरचे लांबलचक, चकचकीत केस. असा प्रत्येक केस छोट्या वाटीत सैल बसवलेला असतो, हवा जराशी हलली तरी डुलतो, आणि त्याच्या मुळाशी मज्जातंतू असतात. हे केस इतर कोळ्यांनाही असतात, इतके लांब नसतात. त्यांच्या जोरावर आणि स्पर्श-गंधाच्या जोरावर हा जाळं न विणता शिकार हुडकत फिरतो. गुहेतला एक आंधळा ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीचा दूरचा भाऊबंद, त्याचं भक्ष्य आहे. तो ॲम्फिपॉड जगतो छतातून उतरलेल्या झाडांच्या कुजक्या मुळांवर. म्हणून वरची झाडी तोडली की खालची चूल विझते. अमेरिकेने २०००मध्ये या दोघांनाही संकटग्रस्त जातींच्या यादीत घातलं.

अंडी एका वेळी जेमतेम १५ ते ३०. उघड्यावरचे लांडगा कोळी शंभराच्या वर सहज जातात. याची पिल्लं मात्र आकाराने चांगली मोठी निघतात.

‘वापर नाही म्हणून डोळे झडले’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. न वापरल्याने अवयव पुढच्या पिढीत झडत नाही. अंधारात डोळे बिघडले तरी जगण्यात काही अडत नाही, त्यामुळे बिघाड टिकून राहतात. शिवाय डोळे पोसायचा खर्च वाचतो. मधल्या पायऱ्याही दिसतात. हवाईच्याच मोठ्या बेटावर लायकोसा हॉवर्थी हा गुहावासी भाऊबंद आहे, त्याचे डोळे लहान झालेत, गेलेले नाहीत. लाओसमध्ये सायनोपोडा स्क्युरिऑन हा बिनडोळ्यांचा कोळी २०१२मध्ये वर्णिला गेला, तो तर वेगळ्याच कुळातला.

प्रश्न : आमच्या जिन्याखाली लांब पायांचा पांढुरका कोळी आहे. खूप बघितलं, डोळे दिसत नाहीत. तो आंधळा असेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नसावा. त्याला काडीने हलकेच डिवचा. उलटा लटकलेला असून अंग गदागदा हलवू लागला, तर तो फोल्सिड कुळातला, आपल्या घराघरांतला पाहुणा. पोटाचं मागचं टोक वर निमुळतं असेल तर बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी. त्याला चांगले आठ डोळे असतात : दोन बाजूंना तीन-तीनचे झुपके, मध्ये दोन बारके. फिकट तोंडावर वरून उजेड पाडला तर ते दिसत नाहीत. दहापट भिंग घ्या आणि टॉर्च एका बाजूने, अगदी आडवा धरा. कोळ्याच्या डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा असेल तिथे चमक येईल. गुहेतल्या कोळ्यांबाबत तर हे फार सांभाळावं लागतं, कारण रंग गेला तरी भिंग शिल्लक असू शकतं, आणि घाईत त्याला ‘बिनडोळ्याचा’ ठरवलं जातं. बाकी, जिन्याखालचा राहू द्या तिथेच, डास खातो.