मोंताल्चिनो: अर्ध्या दिवसाचं नव्हे, चार रात्रींचं गाव

तुमचा प्रश्न वाचला. रोम ते फ्लॉरेन्स वाटेवर मोंताल्चिनोसाठी, म्हणजे इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या या वाइनच्या गावासाठी, अर्धा दिवस काढलाय, सोबत आईबाबा, दोघेही शाकाहारी, वाइनला न शिवणारे, मग एवढी वाकडी वाट करावी का? अर्ध्या दिवसासाठी करू नका. चार रात्री राहता येत असेल तर मात्र जरूर करा. त्यापायी व्हेनिस गाळावं लागलं तरी गाळा.

मी दोन्ही करून बघितलंय. पहिल्या खेपेला सहलीच्या बसने गेलो होतो आणि हातात अडीच तास होते. चढ चढून वर आलो, एका दुकानात उभ्याउभ्या तीन घोट घेतले, फोटो काढले की निघालो. पुढच्या वेळी सप्टेंबरअखेर पाच रात्री राहिलो, तेव्हा आई बरोबर होती. एकाहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे आणि वाइनचा वासही नको असणारी. आज ती रोमचं नाव काढत नाही, या गावाचं काढते.

गाव सिएना शहराच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर, 564 मीटर उंचीच्या डोंगरमाथ्यावर आहे. दिवसा येणारे पाहुणे अकराच्या सुमारास येतात आणि पाचपर्यंत पांगतात. खरं गाव त्यानंतर सुरू होतं. पियाज्झा देल पोपोलो हा मुख्य चौक अगदी लहान आहे, वर घड्याळाचा उंच सडसडीत मनोरा आणि शेजारीच 1888 सालचं कॅफे. संध्याकाळी म्हातारी मंडळी बाकांवर येऊन बसतात, पोरं चेंडू खेळतात. आई तिथे तास-तास बसायची. तिसऱ्या दिवशी एक आजी तिच्या साडीचा काठ हातात धरून काहीतरी विचारू लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बोलणं चाललं.

सकाळ अजिबात चुकवू नका. सप्टेंबरअखेरच्या दिवसांत पहाटे खाली ओर्चाचं खोरं धुक्याने भरलेलं असतं. वर फक्त टेकड्यांचे माथे आणि सायप्रसच्या रांगांची टोकं दिसतात. ऊन चढलं की एकेक शेत उघडं पडत जातं. हे खोरं 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गावातला किल्ला 1361 चा. 1555 मध्ये सिएना शत्रूच्या हाती पडल्यावर तिथल्या प्रजासत्ताकाचे लोक याच गावात आले आणि 1559 पर्यंत तग धरून राहिले. तटावरून फिरता येतं, पण वरचा जिना आईबाबांना जमेलसं नाही. त्यांनी खाली अंगणात बसावं.

जेवणाची काळजी नको, फक्त थोडं विचारून घ्यावं लागतं. इथल्या जाड, हाताने वळलेल्या पास्त्याला गावात 'पिंची' म्हणतात, इतरत्र 'पिची'. आमच्या घरमालकीणबाईंनी एका दुपारी पाटावर कणकेची पट्टी घेऊन तळव्याखाली लांबवायला सुरुवात केली. आईने दोन मिनिटं बघितलं, हात धुतले आणि शेजारी बसली. हातशेवया वळलेल्या बाईला ते नवीन नव्हतंच. तिचा दोर बारीक यायचा, बाई मान हलवून म्हणायच्या, जाड, जाड! तो पास्ता लसूण-टोमॅटोच्या रश्शात, म्हणजे 'अल्लाल्योने', मागवा. लसूण मोठा असतो पण चवीला सौम्य. तोस्कानातल्या पावात मीठ नसतं, पहिला घास सपक लागेल. भाकरीसारखा कालवणाबरोबर खाल्ला की कळतं तसा का करतात. 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका, सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का तेही विचारा. बाबा फार कडक असतील तर पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (दूध गोठवायला जनावराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं हे त्यांना आधीच सांगा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसातला उघडतात, तेव्हा खोलीत फळं असू द्या.

आता वाइन, कारण तुम्ही दोघं घेता. ब्रुनेल्लो ही इथली नावाजलेली रेड वाइन, ती फक्त सांजोव्हेजे द्राक्षांची असते. (हीच जात आपल्याकडे अकलूजच्या मळ्यांतही आहे.) नियमाने ती निदान दोन वर्षं ओकच्या पिंपांत मुरते आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीला बाजारात येते. म्हणजे 2021 ची द्राक्षं 2026 मध्ये. म्हणूनच ती महाग. रोजच्या जेवणाला त्याच द्राक्षांची रोस्सो दी मोंताल्चिनो घ्या, कमी मुरलेली, मोकळी आणि खिशाला परवडणारी. मला तर तीच जास्त आवडते. तळघर बघायला आधी वेळ ठरवून जा, एका दिवशी एकच. दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जिभेला काही कळेनासं होतं. घोट थुंकून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात संकोच नको. गाडी चालवणाऱ्याने तर वापरावंच, तिथली मर्यादा रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल आहे. परत येताना भारतात माणशी 2 लिटरपर्यंत करमुक्त आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या.

सिएनाहून बस सव्वा तास घेते, पण रविवारी जवळजवळ नसते. चार जण आहात तर गाडीच घ्या, आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या आणि जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची पाटी दिसली की आत घुसू नका, दंड नंतर घरी येतो. घर किल्ल्याजवळच्या वरच्या अंगाला, तळमजल्यावरचं बघा. खालच्या गल्ल्यांचा चढ गुडघ्यांना फार जड जातो.

गाडी असली की एक सकाळ सान्तांतिमोच्या मठासाठी ठेवा, दहा किलोमीटरही नाही. बाराव्या शतकातलं देऊळ, भोवती ऑलिव्हची झाडं. आत एका खांबाच्या माथ्यावर बायबलमधला, सिंहांच्या गुहेत टाकलेला संदेष्टा दानिएल कोरलाय. सिंहांचे जबडे उघडे आहेत आणि तो मधोमध शांतपणे प्रार्थनेत. आईने मान वर करून ते पाहिलं आणि कोण आहे हे न विचारताच हात जोडले.

तारखा पक्क्या झाल्या की कळवा. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार येत असेल तर खोली आताच धरा. तेव्हा गावातल्या चार पेठांची तिरंदाजीची चुरस असते आणि उशिरा काही म्हणजे काही मिळत नाही.