पहिला वर्षावास : एवढंच सांभाळा

जय भीम, ताई. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा हा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम. ते तिन्ही महिने अष्टशील (पंचशीलाहून कडक असे आठ नियम) पाळायचा संकल्प लगेच करू नका. अतिउत्साहात असे संकल्प श्रावणातच सुटतात. पंचशील रोज, अष्टशील फक्त पौर्णिमेला. पहिल्या वर्षी एवढं भरपूर आहे.

विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालू असेल तर रोज जा, रिमझिम असली तरी. एक दिवस चुकला म्हणून पुढचे सोडू नका.

भोजनदानात मात्र घड्याळ बघा. माझ्या पहिल्या वेळी भुसावळला वांगी भाजून, भरीत कांडून, कळण्याच्या भाकरी थापेपर्यंत बारा वाजून गेले. भन्ते, म्हणजे भिक्खू, मध्यान्हानंतर जेवत नाहीत. नुसतं पाणी घेऊन त्यांनी आशीर्वाद दिला. ती झाकलेली टोपली अजून डोळ्यांसमोर आहे. अकराला ताट वाढलेलं हवं, पदार्थ दोनच असले तरी चालतील. कर्ज काढून तर दान मुळीच नको.

जमलं तर अजिंठ्याला जाऊन विहारांतल्या त्या लहान खोल्या पाहा. पावसाळ्यात भिक्खू तिथंच मुक्कामाला असत.

कठीण चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रांचं दान, आश्विनी पौर्णिमेनंतर असतं, त्याचे नियम तेव्हा सांगते. आत्ता पांढरी साडी धुऊन ठेवा, पावसात लवकर वाळत नाही.