वर्षातील आवडत्या अल्बमवरून होणारा वाद सत्कारणी कसा लावावा?

तुम्ही विचारले आहे की, तुमच्या मित्रमंडळात दर डिसेंबरला प्रत्येक जण वर्षातील आवडत्या दहा अल्बमची यादी मांडतो, दोन दिवसांत त्यावरून हमरीतुमरी होते आणि मग सगळेच गप्प होतात. तेव्हा अशा याद्या करण्यात काही अर्थ आहे का, आणि असेल तर वाद कसा घालावा? अर्थ नक्कीच आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र वाद क्रमांकावरून न घालता ध्वनिमुद्रणातल्या नेमक्या जागेवरून घालावा. आमच्या जुन्या महाविद्यालयीन मित्रांच्या गटात ही प्रथा बरीच वर्षे चालू आहे, आणि ज्या वर्षी समोरच्याने बोट ठेवून एखादी जागा दाखवली, त्या वर्षी मी तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकला. ज्या वर्षी फक्त ‘तुझी आवड सुमार’, ‘तुला यातले काही कळत नाही’ असेच बोलणे झाले, त्या वर्षीच्या याद्या आज कोणाला आठवतही नाहीत.

आमच्याकडे सर्वांत जास्त गाजलेले वर्ष २०१६ होते, म्हणून उदाहरणे त्याच वर्षाची देतो.

आधी नियमांविषयी. अर्धे वाद संगीताचे नसतातच. ‘वर्ष’ कशाला म्हणायचे आणि ‘अल्बम’ कशाला म्हणायचे, याविषयी प्रत्येकाच्या मनात वेगळी व्याख्या असते आणि ती कोणी बोलून दाखवलेली नसते. अमेरिकेतील ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचेच पाहा. फेब्रुवारी २०१७ मधील समारंभात वर्षातील सर्वोत्तम अल्बम म्हणून ब्रिटिश गायिका ॲडेलच्या ‘२५’ ची निवड झाली आणि अमेरिकन गायिका बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ मागे राहिला. स्वतः ॲडेलने व्यासपीठावरून ‘लेमोनेड’चा मोठेपणा बोलून दाखवला. आता ‘२५’ बाजारात आला होता २० नोव्हेंबर २०१५ रोजी. पुरस्काराचे वर्ष तेव्हा ऑक्टोबर ते सप्टेंबर असे मोजले जात असल्यामुळे तो २०१६ च्या अल्बमांशी स्पर्धेत उतरला. आमच्या गटातील एका मित्राने ‘२५’ हा आपला पहिला क्रमांक म्हणून मांडला, तेव्हा बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. पण त्यात ॲडेलच्या गाण्याविषयी एक अक्षरही कोणी बोलले नाही. सगळा वेळ दिनदर्शिकेवर गेला. त्यानंतर आम्ही ठरवले की जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष, आणि यादी मात्र जानेवारीच्या अखेरीस मांडायची. हे दुसरे कलम मला पहिल्याहून महत्त्वाचे वाटते. बियॉन्सेचा तिच्याच नावाचा अल्बम १३ डिसेंबर २०१३ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता आला, अमेरिकन गायक डी’अँजेलोचा ‘ब्लॅक मसायाह’ १५ डिसेंबर २०१४ रोजी आला, आणि तोवर बहुतेक नियतकालिकांच्या याद्या छापून झाल्या होत्या. ज्याला घाई आहे, त्याच्या हातून अशा अल्बमांवर अन्याय होतो.

अल्बमची व्याख्या अधिक अवघड आहे आणि तिच्यावर थोडा वेळ घालवणे सार्थकी लागते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्याचे संगीत केले, त्यातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले, आणि ‘याड लागलं’मध्ये पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा तो मोठा ताफा एका रांगड्या, अस्सल ग्रामीण बोलीच्या मागे उभा राहिला. गाणी मात्र चारच, एकूण कालावधी जेमतेम वीस मिनिटे. ग्रॅमीच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान पाच गाणी व पंधरा मिनिटे, किंवा मग एकूण तीस मिनिटे, एवढे असल्याशिवाय अल्बम म्हणता येत नाही. त्या मापाने ‘सैराट’ बसत नाही. आमच्यातील काहींचे म्हणणे होते की चित्रपटाची गाणी पटकथेच्या गरजेने लिहिली जातात, तेव्हा त्यांना अल्बमच्या पंगतीला बसवू नये. मला हे पटत नाही. आपल्याकडे कॅसेटच्या काळापासून बहुसंख्य लोकांनी ‘अल्बम’ म्हणून जे सलग ऐकले, ती चित्रपटाचीच गाणी होती; ती बाद केली, तर आपल्या स्वतःच्या श्रवणाचा मोठा भाग यादीबाहेर राहतो. ‘झिंगाट’ प्रत्येक वरातीत आणि प्रत्येक मिरवणुकीत वाजून वाजून कानांना विटले, हाही त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरत नाही. शेवटी आम्ही चित्रपटसंगीताला प्रवेश दिला आणि कालावधीची अट काढून टाकली.

अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ने आणखी वेगळा पेच टाकला. तो १४ फेब्रुवारीला आला आणि नंतरही बदलत राहिला; काही गाण्यांचे मिश्रण (मिक्सिंग) पुन्हा केले गेले, जूनमध्ये शेवटी एक नवीन गाणेही जोडले गेले. मग कोणता ‘पाब्लो’ तोलायचा? आणि ‘लेमोनेड’चे काय? तो २३ एप्रिलला तासाभराच्या चित्रफितीच्या रूपात दूरचित्रवाणीवर प्रथम दिसला, आणि त्या चित्रफितीत गाण्यांच्या मधल्या जागी वॉर्सन शायर या कवयित्रीच्या ओळी बियॉन्सेच्या आवाजात येतात. नुसती बारा गाणी ऐकणाऱ्याला त्या कविता भेटतच नाहीत. आमच्यातील ज्यांनी चित्रफीत पाहिली होती आणि ज्यांनी फक्त गाणी ऐकली होती, ते प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या कृतींविषयी बोलत होते, आणि हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ फुकट गेला. म्हणून बोलण्यापूर्वी ‘आपण काय ऐकले’ हे प्रत्येकाने सांगावे.

आता मूळ वादाकडे येतो. ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६ रोजी, म्हणजे त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी प्रकाशित झाला, आणि १० जानेवारीला बोवी गेला. आजारपण त्याने जगापासून लपवले होते. आमच्या गटातील एका मित्राने आक्षेप घेतला की लोक या अल्बमला नव्हे, तर मृत्यूला गुण देत आहेत. बोवी आणखी दहा वर्षे जगला असता, तर हा अल्बम कोणी पहिल्या पाचांत धरला नसता. आक्षेप गंभीर होता आणि मला अजूनही तो विचार करण्याजोगा वाटतो. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याच्या बाबतीतही हाच प्रश्न होता, कारण ‘यू वॉन्ट इट डार्कर’ २१ ऑक्टोबरला आला आणि ७ नोव्हेंबरला तो गेला. त्या अल्बमच्या शीर्षकगीतात माँट्रियलमधील त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाचा, गायकवृंद आहे. ते स्वर ऐकताना पुढे घडलेली गोष्ट मनातून काढून टाकणे कोणाला शक्य आहे?

या आक्षेपाला ‘भावना समजून घ्या’ असे उत्तर देऊन भागत नाही. उत्तर ध्वनिमुद्रणातूनच द्यावे लागते. ‘ब्लॅकस्टार’चे शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. सुरुवातीला मार्क गिलियानाचे ड्रम अगदी बारीक, तुटक आणि अस्वस्थ वाजतात आणि वर बोवीचा आवाज मंत्र म्हटल्यासारखा एकाच पट्टीत रेंगाळतो. पाचव्या मिनिटाच्या आसपास ती लय विरघळते, तालाचा आधार जातो, आणि क्षणभर वाटते की गाणे संपले. मग तोच आवाज मोकळा, जवळजवळ प्रार्थनेसारखा वर येतो आणि एक संथ, रुंद चाल सुरू होते. पुढे पहिल्या भागाचे शब्द परत येतात. पण आता ते दुसऱ्या भागाच्या स्थिर ठेक्यावर बसलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला जे भीतिदायक वाटले होते तेच आता शांत वाटते. ही जागा कोणाच्याही मृत्यूवर अवलंबून नाही. ती २०१५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील एका स्टुडिओत, सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिनच्या जॅझ वादकांसोबत ध्वनिमुद्रित झाली. रॉक वादकांऐवजी जॅझ वादक घेण्याचा बोवीचा निर्णय तिथे कानाला सिद्ध होतो. आक्षेप घेणाऱ्या मित्राने तबला शिकलेला आहे. त्याला मी ही जागा दाखवली, तेव्हा त्याने लय बदलत असताना सम नेमकी कुठे सरकते, हे मोजून दाखवले आणि माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगितली: दुसऱ्या भागात शिरताना ठेका कानाला सरळ वाटतो, तो केवळ आधीच्या तुटकपणामुळे. त्याने आपला क्रमांक बदलला नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही ते गाणे जितक्या बारकाईने ऐकले, तितके एरवी ऐकले नसते.

अखेरच्या गाण्यातील माऊथ ऑर्गनची एक छोटी जागाही अशीच आहे. ती बोवीच्याच १९७७ च्या ‘लो’ या अल्बममधील माऊथ ऑर्गनची आठवण करून देते. ज्याला ‘लो’ माहीत आहे, त्याला ती ओळखीची वाटते. ज्याला माहीत नाही, त्यालाही ती सुंदर वाटते. यावरून आमच्यात दुसरा वाद झाला: एखाद्या कलाकाराचे जुने काम ठाऊक असणे ही श्रवणाची पूर्वअट मानावी का? मी म्हणतो, मानू नये, पण ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगण्याचे कष्ट घ्यावेत.

माझ्या यादीत ‘ब्लॅकस्टार’नंतर अमेरिकन गायक फ्रँक ओशनचा ‘ब्लॉन्ड’ होता, आणि याच्यावर सर्वांत जास्त टीका झाली. टीका अशी की यात ड्रम नाहीत, गाणी अर्धवट सोडल्यासारखी आहेत, साठ मिनिटांत घडत काहीच नाही. पण पहिल्याच गाण्यात जवळजवळ तीन मिनिटे गायकाचा आवाज यंत्राने उंच पट्टीत ओढलेला, बालिश आणि परका ऐकू येतो, आणि मग कोणतीही घोषणा न करता त्याचा खरा आवाज समोर येतो. एवढा वेळ आपण ज्याच्याशी बोलत होतो तो मुखवटा होता, हे त्या क्षणी कळते. अल्बमच्या मध्यावरच्या ‘नाइट्स’ या गाण्यातही ठेका असाच मधूनच पूर्णपणे बदलतो आणि तिथून पुढे सगळा अल्बम रात्रीत शिरतो. गाणी उलटसुलट क्रमाने लावणाऱ्याला हे दोन्ही प्रसंग एकमेकांशी जोडलेले दिसणार नाहीत. टीका करणाऱ्यांपैकी दोघांनी ‘ब्लॉन्ड’ प्रवासात, मिश्र प्लेलिस्टमध्ये ऐकला होता, आणि माझ्या मते त्यांचे मत त्याच कारणाने तसे झाले होते. अल्बमविषयी मत द्यायचे, तर तो निदान एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने ऐकलेला असावा. या एका अटीवर मी कोणतीही तडजोड करत नाही. बियॉन्सेची बहीण, गायिका सोलांज हिच्या ‘अ सीट ॲट द टेबल’मध्ये तर तिचे आईवडील आणि रॅपर मास्टर पी गाण्यांच्या मध्ये बोलतात, आणि ती संभाषणे गाळून गाणी ऐकली, तर अल्बमचा कणाच निघून जातो.

गुण द्यायचेच असतील, तर त्यासाठी एक चांगली पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९७१ मध्ये समीक्षकांची एक वार्षिक मतचाचणी सुरू केली, जी १९७४ पासून दरवर्षी होऊ लागली. तीत प्रत्येक समीक्षकाला दहा अल्बमांमध्ये शंभर गुण वाटायचे असत, एका अल्बमला कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त तीस. क्रमांकापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. ज्याचे एकाच अल्बमवर जिवापाड प्रेम आहे, तो त्याला तीस देतो. ज्याला दहाही सारखेच वाटतात, तो प्रत्येकाला दहा देतो, आणि दोघांच्या ‘पहिल्या’ क्रमांकांत किती अंतर आहे ते लगेच दिसते. आम्ही ही पद्धत स्वीकारल्यापासून क्रमांक तीन की चार यावरचे निष्फळ भांडण संपले.

मोठ्या नियतकालिकांच्या याद्यांचा दाखला देऊन वाद जिंकायचा प्रयत्न तुमच्याकडेही कोणी करत असेल. त्याला २०१६ च्याच याद्या दाखवाव्यात. ‘रोलिंग स्टोन’ने ‘लेमोनेड’ला पहिले स्थान दिले, ‘पिचफोर्क’ने ‘अ सीट ॲट द टेबल’ला, तर ब्रिटनच्या ‘एनएमई’ने ‘द १९७५’ या बँडच्या अल्बमला. आणि २०१९ मध्ये ‘पिचफोर्क’ने संपूर्ण दशकाची यादी केली, तेव्हा पहिल्या स्थानावर ‘ब्लॉन्ड’ होता. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्या सोलांजच्या मागे तो होता, तिच्या तो पुढे गेला. यात मला लबाडी दिसत नाही. काही अल्बम पहिल्या महिन्यात सगळे काही देऊन टाकतात, काही हळूहळू उलगडतात, आणि डिसेंबरमधला कान हा फरक ओळखू शकत नाही. म्हणून जुन्या याद्या जपून ठेवाव्यात आणि काही वर्षांनी त्यांच्यावर पुन्हा बसावे.

तुमच्या गटासाठी शेवटची सूचना एवढीच की, या जानेवारीत प्रत्येकाला आपल्या यादीतील फक्त एका अल्बमविषयी बोलू द्यावे, आणि बोलण्याआधी त्याने निवडलेली दोन मिनिटे सर्वांना चांगल्या स्पीकरवर ऐकवावीत, कोणीही मध्ये न बोलता. माझी आजची वाटणी विचाराल, तर ‘ब्लॅकस्टार’ला तीस, ‘ब्लॉन्ड’ला वीस, सोलांजला पंधरा आणि उरलेल्या सातांत ‘सैराट’ला पाच, सोलांजला मी त्या वर्षी दहाच दिले होते, आणि ही वाढ मास्टर पीच्या त्या संभाषणांमुळे झाली आहे.